घाट सोपा गेला, वाऱ्याने दमवलं

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत डेन्व्हर ते ग्रँड जंक्शन हा आय-७० महामार्गाचा रस्ता साधारण २४५ मैलांचा. दादाने फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग हा इलेक्ट्रिक पिकअप ट्रक घेतला तेव्हापासून मागे कॅम्पर ट्रेलर लावून हा रस्ता करायचं त्याच्या डोक्यात होतं. सप्टेंबरमध्ये अखेर योग आला. वहिनींचा जीव मात्र घाटात अडकलेला. "बोगद्याच्या चढावर बॅटरी संपली तर काय करायचं?" हे त्या आठवडाभर विचारत होत्या. धास्ती मलाही तीच होती.

ट्रेलर सामानासकट ४,८०० पौंडांचा, म्हणजे जवळपास २,२०० किलो. ट्रेलर ओढायचं खास पॅकेज असलेला हा ट्रक १०,००० पौंडांपर्यंत ओढतो, त्यामुळे ताकदीची काळजी नव्हती. काळजी होती पल्ल्याची, एका चार्जमध्ये किती मैल जाईल याची. बॅटरी १३१ युनिटची आणि ट्रेलर नसताना अधिकृत पल्ला ३२० मैल. ट्रेलरची मापं आणि वजन स्क्रीनवर भरलं, तसा तोच पल्ला १४० च्या खाली उतरला. इलेक्ट्रिक पिकअप बनवणारी रिव्हियन कंपनीही आपल्या ग्राहकांना ट्रेलर लावल्यावर पल्ला निम्मा धरा असंच सांगते. म्हणजे आमचा ट्रक काही वेगळं करत नव्हता.

सकाळी सातला १०० टक्क्यांवर निघालो. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, घाटमाथ्यावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर. आदल्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला होता. ट्रक, ट्रेलर आणि माणसं मिळून साडेपाच हजार किलो वजन सुमारे १,८०० मीटर वर न्यायचं, तर नुसतं उचलायलाच २७ युनिट लागतात. बॅटरीचा पाचवा हिस्सा फक्त उंचीला.

प्रत्यक्षात जॉर्जटाउन सोडल्यावर खरा चढ लागला आणि गाडीत एकदम शांतता पसरली. कुठे गुरगुर नाही की गिअर बदलल्याचा हिसका नाही. उजव्या लेनमधले डिझेलचे ट्रक दिवे लुकलुकवत रांगत होते आणि आम्ही ताशी ५५ मैलांच्या वेगाने त्यांच्या शेजारून वर निघालो. दादाचा पाय पेडलवर जेमतेम टेकलेला. टर्बो नसलेलं पेट्रोलचं इंजिन एवढ्या उंचीवर विरळ हवेमुळे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गमावतं. मोटरला हवा लागतच नाही, त्यामुळे ५८० हॉर्सपॉवर खाली होती तेवढीच वरही. आमच्या जुन्या पेट्रोल पिकअपला याच चढावर लागणारी धाप मला आठवत होती.

बोगद्यापाशी बॅटरीचा आकडा ३७ टक्के. पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतार लागला आणि दादाने पेडलवरून पाय काढला. मोटर उलटी वीज बनवू लागली, वेग तिथेच धरून राहिला, ब्रेकला हात लावायची वेळ आली नाही. एरवी या उतारावर जळक्या ब्रेकचा वास हमखास येतो, शिवाय ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी कडेला वाळूच्या चढणी बांधून ठेवल्यात. खाली पोचलो तेव्हा ३७ चे ३९ झाले होते. वहिनींनी स्क्रीनचा फोटो काढून मुलांना पाठवला.

पहिलं चार्जिंग तिथेच, आणि प्रवासातला खरा मनस्तापही तिथेच. चार्जरच्या सगळ्या जागा पार्किंगच्या कडेला, तोंड आत घालून उभं राहायच्या. लाइटनिंगचं चार्जिंगचं तोंड पुढच्या डाव्या चाकावर. केबल पोचवायची तर नाक आत हवं, आणि नाक आत घातलं की मागचा ट्रेलर अख्खा रस्ता अडवतो. त्यात चारांपैकी एक चार्जर बंद. शेवटी ट्रेलर सोडावा लागला. चाकांना ठोकळे लावा, जॅक खाली घ्या, सेफ्टी चेन काढा, दिव्यांची वायर काढा, हिचचा लॉक उघडा. चार्जिंग झालं की हे सगळं उलट्या क्रमाने, आणि वहिनी हात हलवत "अजून दोन इंच, अजून दोन इंच" म्हणत होत्या. त्यात ३५ मिनिटं गेली. पेट्रोल पंपावर ट्रेलरसकट आरपार जाता येतं, तशा जागा चार्जरला का ठेवत नाहीत? इलेक्ट्रिक पिकअपला ट्रेलर ओढण्यात अडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते बॅटरी नाही, हा पार्किंगचा नकाशा आहे.

पुढचा व्हेल पास १०,६६२ फुटांचा, पण आता कुणालाच त्याची भीती राहिली नव्हती. ग्लेनवूड कॅनियनमध्ये कोलोरॅडो नदीच्या काठाने हळू चालवावं लागतं आणि वाट उताराची. तिथे ट्रेलर मागे आहे हे बॅटरीला कळलंही नसावं. ग्लेनवूड स्प्रिंग्जला गरम पाण्याच्या कुंडात डुंबून येईपर्यंत ९६ टक्के झालं. ऐंशीच्या पुढे चार्जिंग मंदावतं, पण घाई नव्हती. उरले ८७ मैल, जवळपास सपाट आणि हलक्या उताराचे. पोचताना ३० टक्के उरतील, असं स्क्रीन सांगत होता.

रायफल गाव मागे पडलं आणि समोरून वारा सुरू झाला. झाडं फार वाकत होती असंही नाही. दादा ६८ ने चालवत होता. पोचतानाचे ३० म्हणता म्हणता २१ झाले, मग १२, मग ४. गाडीत कुणी बोलेना.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि तो जमिनीवरचा नाही, हवेतला वेग. ६८ ने जाताना समोरून १२ चा वारा म्हणजे ट्रेलरचं सपाट तोंड ८० च्या वेगाने हवेवर आपटत होतं. मोटरट्रेंड या मोटारींच्या मासिकाने २०२२ मध्ये याच ट्रकला तीन ट्रेलर लावून पाहिले होते: ३,१४० पौंडांचा ११५ मैल गेला, ५,२६० चा १०० आणि ७,२१८ चा ९० मैल. वजन दुपटीच्या वर गेलं आणि पल्ला जेमतेम पाचव्या हिश्श्याने घटला. ते आकडे मी वाचलेले होते, पण लक्ष सगळं घाटाकडे.

"दादा, ५५ वर घे," मी म्हटलं. मागून हॉर्न वाजले. त्याने उजवी लेन धरली आणि सोडली नाही. दहा मैलांत ४ चे ७ झाले, पुढे ९. डी बेक कॅनियनच्या वळणांत कड्यांचा आडोसा मिळाला आणि ग्रँड जंक्शनच्या कॅम्पग्राउंडवर ११ टक्क्यांवर पोचलो.

तिथे ट्रेलरसाठी ५० अँपिअरच्या विजेचा खांब होता, त्यालाच ट्रकची केबल लावली. ट्रेलर सोडायची गरज नाही, रांग नाही. सकाळी ६० टक्क्यांच्या वर. दोन रात्रींत पूर्ण भरला.

परतीला दादा पहाटेच निघू म्हणत होता, वारा उठायच्या आत. मी त्याला दुपारपर्यंत थांबवलं. कॅम्पग्राउंडच्या ऑफिसवरचा झेंडा पूर्वेकडे, म्हणजे आमच्या परतीच्या दिशेने, ताठ फडफडू लागला तेव्हा निघालो. ग्लेनवूडपर्यंतच्या त्याच ८७ मैलांना जाताना ८५ टक्के लागले होते. येताना बाराशे फूट चढ होता, आणि लागले ५८.