आवाज न करणारं दार

मला बहुतेक बोलावणी येतात ती गॅरेजचं दार करकरतं म्हणून. त्या दिवशीचं बोलावणं उलटं होतं. "दाराचा आवाज अजिबात नाही हो, पण खाली येता येता मधूनच परत वर जातं," असं फोनवर सांगितलं होतं. सेन्सरचं काहीतरी असेल, अर्ध्या तासात उरकेल, असं धरून मी गेलो.

घरमालक काका सत्तरीच्या घरातले. गॅरेजच्या बरोबर वरच्या खोलीत त्यांची दीड महिन्याची नात झोपली होती. दारानं तिची झोप मोडू नये म्हणून दर रविवारी ते तेल-ग्रीस करायचे. भिंतीवर खिळ्याला ग्रीसचा डबा, शेजारी ब्रश, खाली स्प्रेच्या दोन बाटल्या. "एक रविवार चुकवला नाही," ते म्हणाले. मला मनापासून बरं वाटलं. दाराकडे बघणारी माणसं कमी; बहुतेकांना ते अडकेपर्यंत ते आहे हेही आठवत नाही.

बटण दाबलं. चार फळ्यांचं, ७ फूट उंच दार मुकाट खाली आलं. सेन्सर लगेच सापडला. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून साधारण १५ सेंटीमीटरवर ते समोरासमोर असतात, त्यांच्यातला किरण अडला की खाली येणारं दार परत वर जातं, आणि स्प्रेचे तुषार उडून एकाच्या काचेवर तेलाचा धुरकट थर बसला होता. काच पुसली, दार ठीक चालू लागलं. तिथेच पेटी बंद करून निघता आलं असतं.

पण दार इतकं गप्प का, हे मला खटकत होतं. रोलर फिरताना थोडी घरघर येतेच. इथे तीही नव्हती.

दार पूर्ण बंद करून मी मोटरची लाल दोरी ओढली; तिनं दार मोटरपासून सुटं होतं. (ही दोरी दार बंद असतानाच ओढायची. उघडं असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली, तर सगळं दार अंगावर येतं.) मग हातानं उचलून पाहिलं. दार कितीही जड असलं तरी हाताला ते थोडक्या किलोंचंच लागायला हवं, कारण खरा भार वरच्या दांड्यावरची पिळाची स्प्रिंग पेलते. मोटर नुसती ढकलते. हे दार मला दोन्ही हातांनी, कंबरेत वाकून उचलावं लागलं. कंबरेइतकं वर आणून पकड हळूच सैल केली. समतोल असलेलं दार तिथेच थांबतं. हे खाली निघालं.

"काका, मोटरची ताकद कुणी वाढवली?"

"मीच. वर जाताना अडायचं ना, म्हणून मागच्या महिन्यात माहितीपुस्तिका बघून स्क्रू फिरवला."

म्हणजे स्प्रिंग थकली होती आणि तिचा भार मोटर ओढत होती. दार ९ वर्षांचं. दिवसाला चार वेळा उघडझाप धरली तर तेरा हजारांच्या वर खेपा होतात. साध्या स्प्रिंगा सहसा १०,००० खेपांच्या हिशेबानं बनवतात. वर नजर टाकली तर स्प्रिंगच्या वेढ्यांवर तांबूस गंज, तेलाचा थेंब नाही. स्प्रिंगला हात लावायचा नाही, असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं. वाचलं ते बरोबरच होतं. तिचे स्क्रू सैल करायला गेलेल्या माणसांचे हात मोडतात. पण लांबून वंगणाचा फवारा मारणं वेगळं; वेढे एकमेकांवर घासतात, त्यांना ते हवंच असतं. म्हणजे जिथे वंगण लागतं तिथे ते नव्हतं, आणि जिथे नको त्या रुळांत बोटभर जाडीचं भरलं होतं.

रुळांत कधीच ग्रीस भरू नये. धूळ त्यात बसते, त्याचा काळा चिखल होतो आणि रोलर फिरायचा सोडून घसरत जातो. इथे रोलरना एका बाजूनं सपाट झीज पडली होती. आवाज नव्हता तो यामुळे. मी फडकं घेतलं आणि वरपासून पुसत खाली आलो. चार फडकी काळी झाली.

पाचवं फडकं डाव्या खालच्या कोपऱ्यात अडकलं.

तिथे दाराच्या तळाशी केबलचं टोक बांधलेलं असतं. त्यावरही ग्रीसचा लपका होता, नीट ब्रशनं लावलेला. मी फडकं ओढलं तर चिंधी फाटून तिथेच राहिली. हातमोज्यातून सुईसारखं काहीतरी बोटात शिरलं. बॅटरीच्या उजेडात दोन बोटांनी ग्रीस निपटून काढलं तेव्हा केबल दिसली. जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची, सात पेडांची. तीन पेड पूर्ण तुटून बाहेर पिंजारले होते, चौथ्याच्या निम्म्या तारा गेलेल्या. खालचं रबर कडक होऊन चिरलं होतं, तिथून पाणी येऊन साठायचं, आणि त्या ओलाव्यावरच ग्रीसचे थर चढत गेले होते. आत गंज सुखानं वाढत होता.

मी काकांना वाकून पाहायला सांगितलं. दाराची ती अख्खी बाजू या एका तारेवर लटकते. ती तुटली की दार तिरकं होतं, रुळांत अडकतं किंवा कोसळतं, आणि ताणातलं टोक चाबकासारखं सुटतं. दर रविवारी काका ब्रश घेऊन याच कोपऱ्यापाशी तोंड करून बसायचे. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पाहिलं.

पुढचं काम धीराचं. दार बंद ठेवून रोलरच्या लगेच वर रुळाला पकडी लावल्या, म्हणजे दार वर उसळणार नाही. दोन पोलादी सळ्या स्प्रिंगच्या टोकाला असलेल्या शंकूच्या भोकांत आळीपाळीनं घालून ताण उतरवला, एका वेळी पाव फेरा. या वेळी मी कुणालाही जवळ उभं राहू देत नाही आणि स्वतःही शंकूच्या समोर चेहरा आणत नाही. नवी स्प्रिंग, दोन्ही केबल (एक कधीच बदलू नये, जोडीनं बदलावी), नायलॉनचे रोलर, खालचं रबर. मग ताण भरायचा. ७ फुटी दाराला साधारण साडेसात फेरे, म्हणजे ३० पाव-फेरे. ते मी मोठ्यानं मोजतो. वंगण शेवटी: स्प्रिंगवर हलका फवारा, बिजागऱ्यांच्या खिळीवर एकेक थेंब, दांड्याच्या बेअरिंगना थोडं. रूळ कोरडे ठेवले.

दार अर्ध्यावर सोडलं. थांबलं. काका हात खाली धरून उभे होते, पडलंच तर झेलायला म्हणून.

मोटर जोडली, पण तिचा स्क्रू अजून हलवला नव्हता. ४ सेंटीमीटर जाडीची लाकडी फळी उंबऱ्यावर आडवी ठेवली आणि बटण दाबलं. दार फळीवर टेकलं आणि परत फिरायचं सोडून दाबतच राहिलं. फळी कचकन वाजली. मी बंद करेपर्यंत काकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी वर छताकडे पाहिलं. वर नात झोपली होती, वर्षभरात रांगत इथे आली असती.

स्क्रू मागे घेतला, पुन्हा फळी ठेवली. दार टेकलं, थबकलं, वर गेलं.

"मी करून बघू?" म्हणाले. फळी त्यांनी स्वतः ठेवली. मग जागा बदलून डाव्या कोपऱ्यात ठेवली, मग उजव्या. तिन्ही वेळा दार परत फिरलं. नव्या रोलरची बारीक घरघर येत होती. मी म्हटलं, एवढा आवाज राहील.

"राहू दे," म्हणाले, आणि फळी चौथ्यांदा ठेवायला वाकले.