बीनकेराची धार आणि खडकावर गोठलेला पाऊस

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, केरी परगण्यात, मॅक्गिलीकडीज रीक्स ही डोंगररांग आहे आणि देशातील सर्वोच्च शिखर, १०३८ मीटर उंचीचे कॅरनटूहिल, याच रांगेत येते. १६४६ मीटरचे कळसूबाई सहज चढून आलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो. येथे मार्गदर्शक म्हणून काम करताना, विशेषतः हिवाळ्यात, मला सर्वांत आधी हाच समज दूर करावा लागतो. अटलांटिक महासागर इतका जवळ आहे की येथे आल्प्ससारखा महिनोन्महिने टिकणारा बर्फ साचत नाही. तो पडतो, वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि दुपारी वाहून जातो. त्यामुळे सकाळी पाहिलेला डोंगर दुपारी तसाच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

जानेवारीच्या अखेरीस मी चार जणांना घेऊन कूमलॉखरा या तळ्यांच्या खोऱ्याची, भोवतालच्या धारांवरून, प्रदक्षिणा करायला निघालो होतो. त्यांत डब्लिनमध्ये नोकरी करणारे पुण्याचे एक दांपत्य होते आणि त्यांचे दोन आयरिश सहकारी होते. पश्चिमेकडून चढून प्रथम बीनकेरा गाठायचे, तेथून अरुंद धारेवरून कॅरनटूहिल आणि मग कॅहर करून पुन्हा पश्चिमेलाच उतरायचे, असा हा मार्ग आहे. ही तिन्ही शिखरे हजार मीटरच्या वरची आहेत आणि दिवस लहान असतात, सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो व पाच वाजून गेल्यावर लगेच मावळतो. आम्ही उजाडायच्या आधीच बॅटरीच्या प्रकाशात चालायला लागलो. रात्रभर आकाश निरभ्र असल्यामुळे कडाक्याची थंडी पडली होती. पाऊस संध्याकाळी येईल, असा अंदाज होता.

बीनकेराच्या माथ्यापर्यंत सारे उत्तम चालले. येथील खडक ओल्ड रेड सँडस्टोन, म्हणजे पस्तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा तांबूस वालुकाश्म आहे. तो कोरडा असताना त्यावर बूट फार छान धरतो. पुण्याच्या त्या गृहस्थांची सह्याद्रीतील कातळावर चांगली तयारी झालेली होती आणि त्यांची पावले मला मनापासून आवडली. बीनकेरा ते कॅरनटूहिल ही धार मात्र सरळ चालण्याची नाही. तीवर हात लावून चढावे-उतरावे लागते, डावीकडे पूर्वेला कडा कोसळतो आणि उजवीकडे कूमलॉखराच्या तळ्यांकडे उतार जातो. सोपी वाट बऱ्याच ठिकाणी धारेच्या किंचित खालून, उजव्या म्हणजे पश्चिमेच्या अंगाने जाते.

आम्ही धारेच्या मध्यावर असताना नैर्ऋत्येकडून ढग आले आणि बारीक पाऊस सुरू झाला. वारा अजून बेताचाच होता आणि हवा चक्क उबदार वाटू लागली होती. मला चिंता त्या उबेचीच होती. समुद्रावरून आलेली उबदार हवा पाऊस घेऊन येते, पण रात्रभर थंड झालेला खडक इतक्या लवकर तापत नाही. त्याचे तापमान शून्याखालीच असते आणि त्यावर पडलेला प्रत्येक थेंब तेथेच गोठतो. पंधरा-वीस मिनिटांत पश्चिमेच्या अंगाचा सारा खडक काचेसारख्या पारदर्शक थराने मढला गेला. हा थर डोळ्यांना जवळपास दिसत नाही, खडक केवळ ओला भासतो. त्यावर बूट टिकत नाही आणि तो इतका पातळ असतो की क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या पोलादी काट्यांचे, दात त्यात रुतण्याऐवजी खालच्या दगडावर घसरतात. हातभर बर्फापेक्षा मी या थराला अधिक भितो.

पुण्याच्या दांपत्यातील ताई एका तिरक्या कातळावर थांबल्या. एक पाय खाचेत होता, दुसरा उचलता येत नव्हता आणि खाली ढगांतून मधूनच दरी दिसत होती. खालची खोली पाहून वाटणाऱ्या भीतीने, म्हणजे दृष्टिभयाने, माणूस असा जागच्या जागी खिळतो तेव्हा त्याला धीराच्या शब्दांपेक्षा करण्याजोगी एखादी नेमकी गोष्ट लागते, असा माझा अनुभव आहे.

"दादा, माझा पाय उचलतच नाहीये," त्या म्हणाल्या.

"ताई, पाय उचलू नका. डाव्या हाताची पकड सोडू नका आणि फक्त माझ्या बुटाकडे बघा. मी दोर घेऊन येतोय."

मी धारेच्या माथ्यावरच्या एका भक्कम सुळक्याला स्लिंग, म्हणजे पट्ट्याचा फास, घातली, त्यांच्या कमरेला हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा पट्टा, चढवला आणि दोर ताणून धरला. आधार जाणवताच त्यांचा श्वास खाली आला. त्यानंतर आम्ही खालची वाट पूर्णपणे सोडली आणि धारेच्या माथ्यावरूनच, दगडांच्या कडांना हातांनी कवळीत, एकेकाला दोराने पुढे घेतले. माथ्यावर खोल खाचा आणि सुळके आहेत, त्यामुळे बर्फ असला तरी अडकवायला जागा मिळते. एरवी तासाभरात संपणाऱ्या या भागाला दोन तासांहून अधिक वेळ लागला. कोणी घाई केली नाही, हे त्या चौघांचे मोठेपण.

कॅरनटूहिलच्या आधीच्या खिंडीत पोहोचलो तेव्हा शिखर शंभरेक मीटरच वर होते. दोन्ही आयरिश पाहुण्यांची पुढे जाण्याची इच्छा होती आणि मला ती समजत होती. पण शिखरानंतर कॅहरची धार येते, ती नैर्ऋत्येच्या वाऱ्याला पूर्ण उघडी आहे आणि वारा तासागणिक वाढणार होता. गाडी पश्चिमेला होती, म्हणून त्याच दिशेला उतरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मी पूर्वेकडची ब्रदर ओशे गली ही नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद उभी घळ, निवडली. ती वाऱ्याच्या आडोशाला आहे आणि तिच्यात जुना घट्ट बर्फ उरला होता. त्या बर्फावर क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स (बर्फातली कुदळ) या दोन्हींचा खराखुरा उपयोग होतो. नाळेत भीती होती ती सुटणाऱ्या दगडांची, कारण वितळण सुरू झाली की गोठून बसलेले दगड मोकळे होतात. म्हणून सर्वांना हेल्मेटचे पट्टे आवळायला सांगितले आणि एकमेकांच्या अगदी जवळून उतरवले. वरच्याच्या पायाखालून दगड निसटला तरी त्याला वेग यायच्या आत तो खालच्याजवळ पोहोचावा आणि थांबवता यावा, हा त्यामागचा हेतू असतो.

केरीचे डोंगरबचाव पथक १९६६ पासून काम करते आणि त्यातील सारे सदस्य स्वयंसेवक आहेत. ११२ हा क्रमांक फिरवला की ते येतात, पण ढग उतरलेले असताना हेलिकॉप्टरचा भरवसा धरता येत नाही आणि पायी वर यायला काही तास जातात. कोणाला इजा झालेली नसताना, उतरण्याची वाट हातात असताना, त्यांना अशा खडकावर बोलावणे मला योग्य वाटले नाही. आमचा मार्ग बदलल्याचा निरोप मात्र मी खालच्या माणसाला रेंज मिळताच दिला.

नाळेच्या पायथ्याशी कमीनॉक्टर हे देशातील सर्वांत उंचावरचे तळे आहे. तेथे, सुमारे सातशे मीटरवर, खडकावर बर्फाचा मागमूस नव्हता, नुसता पाऊस कोसळत होता. तेथून हॅग्ज ग्लेनच्या खोऱ्यात उतरताना अंधार पडला आणि पायथ्याच्या क्रोनिन्स यार्ड या ठिकाणी पोहोचेपर्यंत सगळे चिंब भिजले होते. डोंगराला वळसा घालून पश्चिमेची गाडी आणायला ओळखीचा एक शेतकरी धावून आला.

चहा घेताना ताईंच्या यजमानांनी नकाशा पुढे ओढला आणि विचारले, "खिंडीत तासभर थांबलो असतो तर खडक तापून बर्फ गेला असता ना?" प्रश्न अगदी रास्त होता. बर्फ बहुधा गेला असता, पण तोपर्यंत वारा उभे राहू देणार नाही इतका वाढला असता, भिजलेली माणसे गारठली असती आणि कॅहरची धार अंधारात ओलांडावी लागली असती. ही गणिते मी त्यांना वेळ आणि उंची लिहून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खोऱ्यात आठ अंश तापमान होते आणि रांगेवर पांढरे काही शिल्लक नव्हते. शिखराचा हट्ट कोणीच धरला नाही. हॅग्ज ग्लेनमध्ये आम्ही दिवसभर होकायंत्र घेऊन ढगात दिशा धरण्याचा सराव केला. ताईंनी लहानशा कातळावर दोराने दुसऱ्याला सांभाळण्याचे शिक्षण मागून घेतले आणि संध्याकाळपर्यंत त्या आपल्या यजमानांना व्यवस्थित ‘बिले’, म्हणजे दोराचा आधार, देत होत्या.