टेंगूळ उजवीकडे, रक्त डावीकडे

बाबा पडले, टेंगूळ आलं डोक्याच्या उजव्या बाजूला. सीटीच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं 'डाव्या बाजूला पातळ सबड्युरल', म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली साचलेलं रक्त. या एवढ्याशा गोष्टीपायी आमचा जीव दिवसभर टांगणीला लागला, आणि तो राग अजून गेलेला नाही.

सीटी चुटकीसरशी झाला. अडलं ते रिपोर्ट हातात आल्यावर. काउंटरवरचा माणूस म्हणे, 'डॉक्टरांना दाखवा.' सिस्टर म्हणे, 'सर आले की सांगतील.' सर ऑपरेशनमध्ये. तेवढ्यात ताईने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तर कवटीच्या आतली पांढरी रेघ चक्क उजवीकडे! मग रिपोर्ट चुकलाय की फिल्मच दुसऱ्या कुणाची? नाव, वय, तारीख सगळं ताडून पाहिलं. पुन्हा काउंटर, पुन्हा तेच उत्तर, तेही मान वर न करता.

संध्याकाळी एका रेसिडेंट मॅडमनी दोन मिनिटांत उलगडा केला. पेशंटच्या पायाशी उभं राहून पाहावं तशी ही चित्रं असतात. आपल्या उजव्या हाताला दिसते ती पेशंटची डावी बाजू. फिल्मच्या डाव्या कडेला कवटीबाहेर फुगवटा होता, त्यावर त्यांनी पेन टेकवलं. 'हे टेंगूळ.' आणि रक्त त्याच्या बरोबर समोर, कारण आपटल्यावर मेंदू आत हिंदकळतो आणि कधीकधी मार पलीकडे बसतो. म्हणजे रिपोर्टही बरोबर, फिल्मही बाबांचीच. हे सांगायला अख्खा दिवस का लागावा?

त्यांच्याकडूनच कळलं की ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं. सबड्युरल चंद्रकोरीसारखं पसरतं, एक्स्ट्राड्युरल, म्हणजे त्याच आवरणाच्या बाहेर साचलेलं, भिंगासारखं फुगतं. 'मिडलाइन शिफ्ट नाही' म्हणजे मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नाही. ते वाक्य रिपोर्टच्या तळाशी होतं, आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो! 'अ‍ॅट्रोफी'ने ताई रडकुंडीला आली होती, पण ते मेंदूचं आकसणं वयामुळे, पडण्याशी संबंध नाही.

हो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका. आणि सीटी नॉर्मल आला तरी मेंदूला हादरा बसलेला असू शकतो, तो सीटीत दिसत नाही.

दुसऱ्या सीटीत रक्ताचा थर वाढलेला नव्हता. तरी घरी सोडताना बजावलंय: पुढचे काही आठवडे डोकेदुखी वाढली, झोपाळूपणा आला, बोलण्यात-चालण्यात फरक पडला, तर जुनी फिल्म घेऊन लगेच या.