एक जोडपं, दोन खाती

ह्यूस्टनचं एक जोडपं आमच्या दवाखान्याला दरवर्षी देणगी पाठवतं. दोघंही मूळचे नाशिकचे. नवऱ्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, बायकोचा पासपोर्ट अजून भारतीय आहे. त्यामुळे तिचे पैसे शहाद्याच्या आमच्या साध्या खात्यात येतात, पासपोर्टची झेरॉक्स फायलीला लावली की काम झालं. त्याचे मात्र कायद्याने ‘विदेशी’. ते दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या खात्यातच, उतरले पाहिजेत. २०२० च्या दुरुस्तीपासून ते दुसऱ्या संस्थेला देताही येत नाहीत. हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून वैताग मला.

परदेशातून घरी येणाऱ्या पैशात महाराष्ट्र पहिला, रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ साली २०.५ टक्के, हे वाचून आमचे अध्यक्ष खूश झाले. त्यातले सातपुड्याच्या पायथ्याला किती पोचतात, ते आमचं पासबुक सांगेल!

पण खरं सांगायचंय ते ताईंबद्दल, म्हणजे त्या जोडप्यातल्या बायकोबद्दल. त्या तिथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहेत. आमच्या लॅबवाल्या पोराला त्यांनी व्हिडिओ कॉलवर एक शिस्त लावली: रोज सकाळी पेशंटच्या आधी रक्त तपासायच्या मशीनवर कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो असा नमुना, लावायचा, आकडा भिंतीवरच्या आलेखात मांडायचा आणि फोटो पाठवायचा. सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट आमच्याकडे पुष्कळ. हिमोग्लोबिन चुकलं तर रक्त चढवायचं की नाही, इथपासून घोळ.

पावसाळ्यात एकदा त्यांचा मेसेज आला, “फ्रीज बघ रे.” आलेखातले सगळे ठिपके मर्यादेच्या आत होते, पोरगा निर्धास्त होता. पण ते रोज थोडे थोडे, एकाच दिशेने खाली सरकत होते. फ्रीजच्या दाराचं रबर फाटलेलं निघालं, आत ठेवलेला कंट्रोल खराब होत होता. रबर बदललं, नवी बाटली उघडली, आकडे जागेवर आले. या मदतीची पावती कशी फाडायची, मला ठाऊक नाही.

देणगीदारांना इमारत आवडते, मशीन आवडतं. दोन्हींवर नावाची पाटी बसते. पगाराला कोणी पैसे देत नाही. त्यामुळे चांगला शिकलेला टेक्निशियन वर्षभरात नाशिक गाठतो.

यंदा ताईंनी विचारलं, “काय पाठवू?” मी म्हटलं, “लॅबवाल्याचा पगार.”

“देते,” त्या म्हणाल्या, “पण दुसऱ्या एखाद्या मुलीलाही त्याच्या हाताखाली तयार करा. तो काही कायमचा राहायचा नाही.”

एक बारावी सायन्स झालेली मुलगी सोमवारपासून येतेय.