त्याला कापून दिलात, मग आम्हाला का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते, म्हणजे प्रत्येक मांडवात आणि प्रत्येक फोनवर पुन्हा सांगायला नको.

आमच्या फोटोग्राफर तात्यांच्या स्टुडिओतल्या काचा, म्हणजे काचेवरच्या जुन्या निगेटिव्ह, माझ्याकडे आहेत. त्यांतून कुणी आपल्या गावचा जुना फोटो मागितला की मी अख्ख्या काचेचा प्रिंट देते, कडा न कापता. घ्यायचा तर तसा घ्या, नाहीतर नको, असं स्पष्ट सांगते. आणि तरीही एका माणसाला मी अशाच एका काचेतला तुकडा कापून दिला. ते आता सगळ्या पंचक्रोशीला माहीत झालंय. गावच्या सहकारी सोसायटीची स्मरणिका काढणाऱ्या मंडळींनी तर मला तोंडावर ऐकवलं, "बाई, तुमचा नियम माणूस बघून बदलतो."

हो, बदलतो. का, ते सांगते.

तात्या कोण, स्टुडिओ कुठे होता, खटाव-माणच्या कुठल्या वाड्यांवर ते सायकलला स्टँड बांधून जात, हे तुम्हाला माहीत आहे. एक गोष्ट मात्र फोटो मागणाऱ्यांना सहसा माहीत नसते. काच आणि तुमच्या भिंतीवरचा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तात्यांचा जुना कॅमेरा हाफ प्लेटचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांच्या काचेचा. ग्रुप काढायचा तर ते कॅमेरा गरजेपेक्षा लांब लावत, कारण भिंगाच्या कडेला चित्र मऊ पडतं. गिऱ्हाईक मध्ये बसवायचं आणि भोवती मोकळी जागा सोडायची. ती जागा छापायची नसायचीच. वीज येण्याआधी फोटो काचेएवढाच निघायचा. चौकटीत काच, तिच्यावर मध्ये खिडकी कापलेला काळा कागद, त्यावर छापायचा कागद आणि कंदिलाचा उजेड. त्या काळ्या कागदाला तात्या मास्क म्हणत. बहुतेक पाकिटांत काचेशेजारी तो मास्क अजून आहे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर काय होतं तेही माझ्याकडे आहे आणि गिऱ्हाइकाने घरी काय नेलं तेही.

मास्कच्या बाहेर कोण राहिलं, ते बघत मी नोकरीनंतरची सगळी वर्षं काढली आहेत. गुरं घेऊन थांबलेलं पोर. खुर्च्या आणून ठेवणारा गडी. माडीच्या खिडकीत पदर दातात धरून उभ्या असलेल्या बायका. गावच्या फोटोंत बायका अशाच येतात, खिडकीतून, दाराच्या फटीतून. मध्यभागी त्या फक्त लग्नात दिसतात, किंवा मेल्यावर, पाटावर टेकवून बसवलेल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या. आणि बहुतेक प्रत्येक वाड्यासमोरच्या काचेत, अगदी कडेला, गावकीची कामं करणारी माणसं.

तात्या "हलू नका" म्हणायचे ते खुर्च्यांकडे बघून. शटर अर्धा-एक सेकंद उघडं राहायचं. त्यामुळे मधली माणसं कोरल्यासारखी आणि कडेची पुसट, कारण त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसायचं. काचा अंधाऱ्या खोलीत एकामागून एक उजेडासमोर धरल्या की आधी हेच लक्षात येतं.

आता तुम्ही जे मागायला येता त्याबद्दल. तुम्ही "एकोप्याचे" फोटो मागता. तेव्हा गाव कसं एक होतं, सगळे मिळून जत्रा करायचे, विहीर खणायचे, सोसायटी काढायचे, ते दाखवा म्हणता. तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. तुमचे आजोबा खुर्चीत होते आणि खुर्चीतून गाव एकच दिसत असणार. आमचं घरही गावकुसाच्या आतलंच, तेव्हा मी काही वेगळ्या जागेवरून बोलत नाही. पण काच माझ्या हातात आहे. कडा कापून ती दिली, तर जे तात्यांनी गिऱ्हाइकासाठी केलं तेच मी पुन्हा करीन, आणि माझ्यावर तर गिऱ्हाइकाचा जोरही नाही.

तात्यांशी यावरून माझं भांडण झालेलं आहे. दुष्काळाच्या वर्षी, १९७२ साली, मी कॉलेजात होते. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि आम्ही हॉस्टेलात रात्र-रात्र बोलत बसायचो. सुट्टीत घरी आले आणि मास्कचा गठ्ठा बघून तात्यांना विचारलं, "किती जणांना कापलंत?" ते ट्रे धूत होते. म्हणाले, "पैसे देणाऱ्यानं सांगितलं तेवढं छापलं." त्यानंतर बरेच दिवस मी डार्करूममध्ये पाऊल टाकलं नाही.

ते गेल्यावर मी उलट्या टोकाला गेले. कार्यक्रमांत बोलायला बोलावलं की सांगायचे, तात्यांनी जाणीवपूर्वक कडेचा माणूस टिपला, छापता आला नाही तरी काचेवर जपला. टाळ्या पडायच्या. आता त्या कॉलेजातल्या मुलीचंही मला पटत नाही आणि टाळ्या घेणाऱ्या त्या वक्त्या बाईचंही. दुसरे फोटोग्राफर गरम पाण्याने काचा खरवडून त्या फ्रेमवाल्याला विकत. तात्यांनी विकल्या नाहीत, हे खरं आहे. पण त्यांनी पोस्टाच्या पावत्याही टाकल्या नव्हत्या. पाकिटांवर नावं लिहिली ती खुर्च्यांवरच्या माणसांची. आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर पुढच्या काही महिन्यांत पांढरे कपडे घालून कुटुंबंच्या कुटुंबं फोटो काढायला आली, तेव्हा त्यांनी त्यांना पाटलांना बसवायचे त्याच खुर्चीवर, त्याच रंगवलेल्या पडद्यासमोर बसवलं आणि पैसे पूर्ण घेतले. त्या काचांत माणसं मध्यभागी, स्वच्छ आहेत, आणि पाकिटांत मास्क नाही. यातून तात्यांच्या मनात काय होतं, ते मला ठरवता येत नाही. ठरवून टाकलं असतं तर सोपं गेलं असतं.

आता तो तुकडा.

तो माझा हायस्कूलचा विद्यार्थी. आता कल्याणला असतो. वडिलांच्या पुण्यानुमोदनासाठी, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमासाठी, गावी आला होता, तेव्हा आत्याला घेऊन माझ्याकडे आला. घरात भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत, वडील आहेत, आजी आहे. आजोबा नाहीत. त्यांचा फोटो कधी निघालाच नाही, असं सगळे धरून चालले होते. आत्या मात्र लहानपणापासून सांगायची की वाड्यापुढं फोटो निघाला तेव्हा बा तिथं उभा होता. आजोबा त्या गावचे येसकर, म्हणजे गावची वेस राखणारे महार, होते.

पाकीट लगेच सापडलं. वर तात्यांच्या अक्षरात गावाचं नाव, 'सोसायटी उद्घाटन, पंच मंडळी' आणि १९५५. मी काच आधीच स्कॅन केलेली होती. संगणकावर डावी कड मोठी करत नेली. वाड्याच्या पायरीपासून बराच लांब एक माणूस उभा होता, अनवाणी. खांद्यावर घोंगडी, घुंगरांची काठी मागे भिंतीला टेकवलेली, डाव्या काखेत काहीतरी धरलेलं. काचेवर तो चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. पण अजिबात हललेला नाही. त्याला कुणी "हलू नका" म्हटलं नसणार, तरी तो खुर्चीतल्या पंचांइतका स्थिर आहे.

आत्या बराच वेळ बघत राहिली. मग पडद्यावर काखेपाशी बोट ठेवून म्हणाली, "वहाणा हायत त्या."

मी आणखी मोठं केलं. होत्या.

"नव्या हुत्या," ती म्हणाली. "पुसेगावच्या जत्रंतनं आणल्या हुत्या."

तो उठून बाहेर ओसरीवर गेला. परत आला आणि म्हणाला, "बाई, मला छातीपासनं वरचा काढून द्या."

मी नाही म्हटलं. माझा नियम सांगितला. मग वर्गात बोलावं तशी बोलायला लागले. हा फोटो ज्या वर्षीचा आहे, त्याच १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा लागू झाला, आणि त्याच वर्षी हा माणूस वाड्यासमोर वहाणा काखेत घेऊन उभा आहे. महार वतनाच्या, म्हणजे पिढीजात गावकीच्या कामांच्या, जोखडातून लोकांना सोडवायला बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात १९२८ सालीच बिल आणलं होतं, आणि कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. हा माणूस त्या मधल्या काळाचा पुरावा आहे. अख्खा लाव, पोरांना दाखव, असं मी त्याला म्हणत होते.

त्याने सगळं ऐकून घेतलं. वर्गात ऐकायचा तसंच, मान खाली घालून. मग म्हणाला, "बाई, माझ्या पोरांना हे सगळं पाठ आहे. त्यांना आजा बघायचाय. घरात लावायचाय, पाटलाच्या दारातला कसा लावू?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "आख्खा असू दे की. पाय बी असू देत." त्यावर त्या दोघांचं माझ्यासमोरच लागलं. त्याचं म्हणणं, येणारा-जाणारा विचारेल काखेत काय आहे. तिचं म्हणणं, विचारू दे, सांगू. तो म्हणाला, प्रत्येकाला काय सांगत बसायचं. ती म्हणाली, माझा बाप आहे. शेवटी घर त्याचं, भिंत त्याची, आणि ती गप्प झाली. मी मनातून तिच्या बाजूला होते, पण बोलले नाही. ते बोलणं माझं नव्हतं, असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, त्या माणसाला डोळ्यांनी पाहिलेली एकच व्यक्ती त्या खोलीत होती, आणि तिचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

मी छातीपासून वरचा तुकडा काढून दिला. साताऱ्यात प्रिंट काढणाऱ्या पोराने त्याला विचारलं, कोट-टाय चढवू का, हल्ली सगळे घेतात. तो नको म्हणाला. घोंगडी राहू दे म्हणाला.

हे असं झालं. मग काही महिन्यांनी त्याच सोसायटीची स्मरणिका निघायची होती, आणि मंडळी त्याच काचेसाठी माझ्याकडे आली. मी अख्खा प्रिंट समोर ठेवला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, "तो कोपरा तेवढा काढा, उगाच वाद नको." पैसे देऊ म्हणाले, तात्यांचं नाव ठळक छापू म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी कुणाच्या तरी भिंतीवरच्या जुन्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून छापला. म्हणजे तात्यांनी १९५५ मध्ये कापलेला मास्कच पुन्हा छापला. त्यानंतर कल्याणच्या फोटोची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि प्रश्न सुरू झाला.

माझं उत्तर हे आहे. तुम्हाला तो माणूस नकोसा होता म्हणून तुम्ही कड कापायला सांगत होतात. त्याला तो माणूस हवा होता म्हणून तो बाकीचं कापायला सांगत होता. कात्री एकच असली तरी कापून उरतं काय ते बघा. तुमच्या भिंतीवर तुमचे आजोबा सत्तर वर्षं आहेत. त्याच्या भिंतीवर आता कुठे आले. हे सारखं नाही, आणि मी सारखं वागणारही नाही.

इथपर्यंत मी ठाम आहे. पुढे नाही. कारण दोन्ही प्रकारे कापलं तरी वहाणा जातात. तुमच्या फोटोतून माणसासकट जातात, त्याच्या फोटोतून माणूस राहून जातात. मुलांना सगळं पाठ आहे, असं तो म्हणाला, पण पाठ असणं आणि आपल्या आज्याच्या काखेत ते बघणं यात अंतर आहे, असं मला वाटतं. त्याला तसं वाटत नाही, आणि ते अंतर रोज भिंतीवर बघायचं की नाही हे ठरवायचा हक्क माझ्यापेक्षा त्याचा जास्त आहे. आत्याचा त्याच्याहून जास्त होता. या तीन गोष्टी मला एका ओळीत बसवता आलेल्या नाहीत. कुणाला बसवता येत असतील तर मला शंका येते.

माझा भाऊ म्हणतो, सगळं एखाद्या संस्थेला देऊन टाक आणि सुटून जा. द्यायचं आहेच. काचा फुटतात, नंतरच्या फिल्मना आंबूस वास यायला लागला आहे, त्या वळून चालल्या आहेत. पण संस्था प्रत्येक फोटोखाली नावं मागणार, आणि माझ्याकडे नावं आहेत ती पाकिटांवरची, खुर्च्यांवरची. कडेच्या माणसांची नावं ज्यांच्या तोंडी आहेत, ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

तेव्हा फोटो कापून द्या, हे मला यापुढे विचारू नका. विचारायचंच असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन या. विशेषतः म्हाताऱ्या बायकांना आणा, त्यांना कुणी आणत नाही. माडीच्या खिडकीत कोण उभी आहे, खुर्च्या कुणी आणल्या, गुरं घेऊन थांबलेलं पोर कुणाचं, एवढं त्यांनी सांगितलं तर मी पाकिटावर लिहून ठेवीन, तात्यांच्या अक्षराखाली. दुपारी घरीच असते.