आमची वाटचाल: संध्याकाळच्या ओपीडीआधी रिपोर्ट

आमची पॅथॉलॉजी लॅब संगमनेरची. अकोले, राजूर, आश्वी, घारगाव या बाजूंनी सॅम्पल येतात. या पट्ट्यातले फॅमिली डॉक्टर सकाळी रक्त तपासायला सांगतात आणि पेशंटला संध्याकाळी पुन्हा बोलावतात. रिपोर्ट पाचच्या आत हातात असेल तर औषध त्याच दिवशी सुरू होतं, नाहीतर राजूरच्या माणसाला दुसरा हेलपाटा. आमची विक्री वाढली ती या एका वेळेभोवती. फलक, पन्नास टक्के सवलतीची पॅकेजं, कॅलेंडरं यांचा परिणाम आठवडाभर टिकतो.

म्हणून सगळ्यात जास्त विचार सॅम्पल आणणाऱ्या गाडीचा केला. मोटारसायकल लांबच्या टोकापासून सुटते, वाटेतल्या कलेक्शन सेंटरवर ठरलेल्या मिनिटाला थांबते आणि दुपारी बाराच्या आत लॅबमध्ये पोहोचते. सेंटरवर छोटं सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून रक्तपेशी वेगळ्या करणारं यंत्र) ठेवलं, कारण साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं की पेशी साखर खात राहतात आणि ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरतं. जेलची नळी अर्धा तास उभी ठेवायची, गोठलं की ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेरे) १० मिनिटं फिरवायची. साखरेसाठी राखाडी झाकणाची, पेशींचं साखर खाणं थांबवणारी फ्लोराइड नळी वेगळी. पण फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात, तेवढ्यात थोडी घट होतेच.

पोटॅशियमने लॅबचं नाव सर्वांत लवकर खराब होतं. सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) वेगळं न करता नळी बर्फाच्या पॅकजवळ ठेवली की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. जांभळ्या नळीतलं रक्त लाल नळीत ओतलं तर जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) पोटॅशियम भलतंच वाढतं आणि कॅल्शियम कोसळतं. मग ६.२ चा रिपोर्ट जातो, समोर पेशंट ठणठणीत बसलेला असतो आणि डॉक्टर आपल्याला काही न बोलता दुसऱ्या लॅबची चिठ्ठी लिहायला लागतात. त्यामुळे नळ्यांचा क्रम (निळी, लाल किंवा पिवळी, जांभळी, शेवटी राखाडी) प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर लावलेला आहे. दंडाला पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त नाही. निळी नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिच्यातल्या सायट्रेटशी (हेही रक्त गोठू न देणारं) रक्ताचं प्रमाण ९ ला १ असतं. कमी भरली तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबतो.

कटचा, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांना द्यायच्या पैशांचा, प्रश्न प्रत्येक नव्या लॅबला पहिल्याच महिन्यात विचारला जातो. डॉक्टरांनी पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार निषिद्ध आहे. आणि कट द्यायचा तर तो रिएजंटमधूनच (तपासणीच्या रसायनांतूनच) वाचवावा लागतो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी आमच्या माणसाच्या हातात महिन्याचा एक कागद असतो: त्या डॉक्टरांची किती सॅम्पल आली, किती रिपोर्ट पाचच्या आत गेले, किती सॅम्पल नाकारली आणि का. प्लेटलेट २०,००० च्या खाली किंवा पोटॅशियम ६ च्या वर दिसलं तर आधी सॅम्पल तपासायचं आणि लगेच डॉक्टरांना फोन. तो पॅथॉलॉजिस्ट स्वतः करतात. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं. पूर्णवेळ पॅथॉलॉजिस्टचा पगार जड वाटतो, पण सेल्समनच्या दहा फेऱ्या जे करत नाहीत ते त्यांचा एक फोन करतो.

कोणती चाचणी आपल्याच लॅबमध्ये करायची आणि कोणती पुण्या-मुंबईला पाठवायची, हा निर्णय मात्र कागदावरच घ्यावा. समजा टीएसएचचं (थायरॉइडच्या चाचणीचं) १०० टेस्टचं किट ६,००० रुपयांना आहे. म्हणजे टेस्टला ६० रुपये, असं कंपनीचा माणूस सांगतो. पण रोज दोन पातळ्यांचे कंट्रोल (मशीन बरोबर मोजतंय का ते पाहायला, उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) चालवायचे, महिन्याचे २५ दिवस धरले तर ५० टेस्ट त्यातच गेल्या. रोज दोनच पेशंट असतील तर ५० बिलांसाठी १०० टेस्ट जळतात आणि खरा खर्च १२० रुपये पडतो. रोज पाच पेशंट झाले की ८४, दहा झाले की ७२. कॅलिब्रेशन (मशीनचं माप जुळवणं) आणि रिपीट यांचा खर्च याशिवाय. लॅबच्या सेवेला जीएसटी माफ असल्यामुळे किटवर भरलेला कर वळताही होत नाही. कंट्रोल वगळून खर्च काढणाऱ्या लॅब आपण तोट्यात आहोत हे वर्षभर ओळखत नाहीत.

मशीन ‘फुकट’ देऊन रिएजंट बांधून घेणाऱ्या करारात तीन ओळी नीट वाचाव्यात: महिन्याची किमान खरेदी, मशीन बंद पडल्यास इंजिनिअर किती तासांत येणार, आणि दरवाढ कधी, किती. किमान खरेदी आजच्या पेशंटसंख्येवर ठरवावी, पुढच्या वर्षीच्या आशेवर नाही.

पावसाळा हा आमचा हंगाम, आणि घाईचाही. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). तिसऱ्या दिवशी फक्त आयजीएम करून ‘निगेटिव्ह’ दिलं तर दोष लॅबवरच येतो, म्हणून तापाचा कितवा दिवस हे फॉर्मवर विचारल्याशिवाय सॅम्पल घेत नाही. काउंटरने (पेशी मोजणाऱ्या मशीनने) प्लेटलेट कमी दाखवले की स्लाइड पाहिल्याशिवाय रिपोर्ट सोडायचा नाही. ईडीटीएत प्लेटलेटचे गुच्छ होतात आणि मशीन ते मोजत नाही.

कारखाने आणि दूध संघांची तपासणी शिबिरं आकड्याने मोठी दिसतात. १०० कामगारांचं उपाशीपोटी रक्त पहिल्या पाळीआधी घ्यायचं तर माणशी साडेतीन मिनिटं धरून चार टेक्निशियनना जवळपास दीड तास लागतो. त्या सकाळी नेहमीचं होम कलेक्शन कोण करणार, हे आधी ठरवावं. कोटेशनसोबत बाह्य गुणवत्ता तपासणीचे निकाल जोडावेत. आम्ही बायोकेमिस्ट्रीसाठी वेल्लोरच्या सीएमसीच्या योजनेत आहोत. पैसे वेळेत मिळण्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तो क्रमांक बिलावर छापावा: लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर १५. एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट समोरच्याला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचे अकाउंटंट स्वतःहून फोन करतात. तरीही निम्मी रक्कम शिबिराच्या सकाळी आणि उरलेली रिपोर्टची फाइल देताना, एवढं कोटेशनमध्येच लिहितो.