टप ओला मिटू नका: जानेवारीतलं ब्लॅक फॉरेस्ट आणि आमची व्हॅन

गेल्या जानेवारीत मी, बायको आणि आठ वर्षांचं पोरगं असे तिघं जर्मनीतल्या श्टुटगार्टहून ब्लॅक फॉरेस्टमधल्या टिटिझे तळ्याला तीन रात्री व्हॅनमध्ये राहून आलो. रस्ता अगदी सरळ आहे, ए ८१ महामार्गाने खाली डोनाउएशिंगेन गाव, मग बी ३१ रस्ता, दोन-अडीच तासांत तळ्याकाठी, त्यामुळे रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते टपाबद्दल. आमची व्हॅन जुनी फोक्सवागन कॅलिफोर्निया बीच, टप हाताने ढकलून वर करायचा. टप म्हणजे तोच, एसटीच्या टपावर सामान टाकतात तो, फक्त आमचा उचलला जातो आणि खाली चारी बाजूंनी तंबूसारखं कापड, आत एक गादी.

पोचलो तेव्हा उणे चार होतं आणि टप उचलायला मला एकट्याला जमेना. उन्हाळ्यात एका हाताने जातो हो. बाजूला जे गॅसचे दांडे असतात त्यांच्यातला दाब थंडीत कमी होतो, म्हणून टप जड लागतो, बिघाड नसतो, दोघांनी मिळून सावकाश ढकलायचा. पण टपावर बर्फ असेल तर आधी तो झाडा मग उचला. ताजा भुसभुशीत बर्फसुद्धा घनमीटरला शंभरेक किलो भरतो, म्हणजे तीन चौरस मीटरच्या टपावर दहा सेंटीमीटर बर्फ धरला तर तीस किलो झाले, आणि ओला बर्फ त्याच्या तिप्पट-चौपट. झाडायला मऊ केरसुणी, तीही बाजूने. लोखंडी खरवडणी नको, गरम पाणी तर अजिबात नको, ते टपाच्या कडेच्या रबरात उतरून परत गोठतं आणि टप चिकटून बसतो.

पहिल्या रात्री आम्ही जे केलं ते कुणी करू नका. बाहेर मस्त बर्फ पडतोय म्हणून आत कुकर लावला, मुगाची खिचडी, तीन शिट्ट्या, खिडक्या सगळ्या बंद कारण थंडी. सगळी वाफ वर गेली. त्यात आम्ही तिघं रात्रभर श्वास सोडतोय. पहाटे उणे नऊ होतं आणि पोराने वरून हाक मारली, "बाबा, साखर!" कापडाला आतून पांढरं पीठ पेरल्यासारखं हिम धरलं होतं, बोट लावलं की झरझर खाली. हीटर लावल्यावर तीच साखर वितळून गादीवर टपटपायला लागली.

आणि मी शहाणा, म्हटलं फेल्डबर्गच्या डोंगरावर जायचंय, टप मिटून टाकू. गोठलेलं कापड वाळल्या पापडासारखं ताठ होतं, ते घडी घेईना, मी टप खाली घ्यायचा पट्टा ओढला, तेवढ्यात शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले आजोबा बाहेरून "हाल्ट! हाल्ट!" (थांबा, थांबा) ओरडत धावत आले. मागचा कोपरा टप आणि बॉडीच्या मध्ये चिमटला होता. अजून दोन बोटं ओढला असता तर फाटलाच असता.

आजोबांनी मग शिकवणीच घेतली. टप वरच ठेवायचा, वरची गादी उभी करायची म्हणजे ऊब वर जाते, छोटा इलेक्ट्रिक हीटर अर्धा-पाऊण तास चालवायचा, एक खिडकी बोटभर उघडी, नाहीतर वाफ जाणार कुठे. हिम वितळायच्या आधीच कोरड्या ब्रशने खाली झाडायचं, हे मला कधी सुचलंच नसतं. टप खाली घेताना सरकतं दार उघडं ठेवायचं, नाहीतर आत कोंडलेली हवा कापड बाहेर फुगवते आणि तेच चिमटतं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने बाहेरून फेरी मारत कापड आत ढकलायचं. आता हे काम पोराकडे आहे, एकदम कंडक्टरच्या थाटात "चला, येऊ द्या" करतो.

रबरासाठी त्यांनी लिपस्टिकसारखी एक कांडी दिली, हिर्शटाल्ग, म्हणजे हरणाची चरबी. जर्मन लोक गाडीच्या दारांच्या रबरांना पूर्वीपासून लावतात, रबर गोठून चिकटत नाही. बायको शाकाहारी, तिने कांडीला हातही लावला नाही, घरी येऊन सिलिकॉनची आणली, तीही तेच काम करते. मशीनचं तेल मात्र नको, रबर फुगतं. लावायचं ते थंडी पडायच्या आधी, कोरड्या रबरावर.

राहायला जाणार असाल तर टपाला बाहेरून घालायची जाड टोपी मिळते, ती घ्याच, आम्ही तिला माकडटोपी म्हणतो. दुसऱ्या रात्री आजोबांनी त्यांची जुनी दिली, कुकर बंद, चहासुद्धा दार उघडून, सकाळी कापड नुसतं दमट. शेगडीला ब्यूटेनचा डबा नेऊ नका, शून्याच्या आसपास तो गॅस होणंच सोडतो, प्रोपेन उणे चाळीसपर्यंत चालतो. आणि आत शेगडी पेटवणार तर खिडकी उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, यात कंजूसपणा नको. हो, विजेची वायर जमिनीवर टाकू नका, आमची बर्फात गोठून बसली आणि निघताना अर्धा तास ती सोडवण्यात गेला.

त्या अर्ध्या तासापायीच पुढचं सगळं झालं. सोमवारी शाळा होती, उशीर झाला, टप ओलसरच मिटला, म्हटलं घरी जाऊन उघडू. घरी आलो, कपडे, डबे, ऑफिस, आणि आठवण झाली थेट शनिवारी. दार उघडल्या उघडल्या कुबट वास, झिपच्या बाजूला काळे ठिपके, गादीच्या खालच्या अंगाला बुरशी. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, दोन दिवस वाळवण, मग वॉटरप्रूफिंगचा स्प्रे. वास गेला, ठिपके फिके झाले पण आहेत. ब्लीच वापरायचा मोह आवरा, त्याने कापडावरचा थर आणि शिवण दोन्ही जातात.

आता ओला मिटावा लागला तर दुसऱ्याच दिवशी उघडतो, आणि हिवाळाभर व्हॅन नुसती उभी असली तरी तीन-चार आठवड्यांनी कोरडा दिवस बघून दुपारभर टप वर. वरून प्लास्टिकची ताडपत्री बांधत नाही, आत घाम धरतो, हवा खेळणारं कव्हर चालतं. बिल्डिंगखाली रविवारी टप उघडून बसलो की समोरच्या बाई खिडकीतून विचारतात, आज कुठे निघालात? मी म्हणतो, कुठे नाही, वाळवण घातलंय.